दोन दगडांवर पाय: पोरांना कराटे आणि कुस्ती एकदम लावावी का?

पोस्ट लांबली आहे. ज्यांची पोरं-पोरी संध्याकाळी क्लासला किंवा तालमीत जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी कांद्याचे भाव बघून झाले की सवडीने वाचा.

परवा पाच कंदीलला चहाला थांबलो होतो. ओळखीचे एक शेतकरी मोटारसायकल लावून सरळ माझ्याकडेच आले. म्हणाले, "नाना, बरं झालं भेटले. पोरगी कराटेला जाते, दोन वर्षं झाली. आता म्हणते कुस्ती पण करायची. कराटेचे सर म्हणतात दोन दगडांवर पाय ठेवू नका, एक काहीतरी धरा. तालमीतले वस्ताद म्हणतात, आधी तिला तो पांढरा ड्रेस सोडायला सांगा, मग बघू. आणि घरी तिची आई म्हणते, दोन दोन सर्टिफिकेटं मिळत असतील तर जाऊ द्या की! तुम्ही दोन्ही केलंय, तुम्ही सांगा."

मी तिथे धड उत्तर दिलं नाही. "बघू, सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटलं, हा प्रश्न काही त्यांच्या एकट्यांचा नाही. आज देवळ्यात काय, कळवणला काय, सटाण्यात काय, संध्याकाळी साडेपाचला पाठीवर बॅग घेऊन निघालेली निम्मी पोरं दोन दोन ठिकाणी जातात. म्हणून इथेच लिहितो.

"दोन्ही केलंय" म्हणजे काय तेही सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल मोठा पैलवान बोलतोय. लहानपणी तालमीत होतो, लाल माती भरपूर खाल्ली. पुढे कॉलेजला नाशिकला गेलो तेव्हा दोन वर्षं कराटे केलं. दोन्हीत काही दिवे लावले नाहीत. कराटेच्या पहिल्याच लढतीत समोरच्याने लाथ उचलली आणि मी सवयीने खाली वाकून त्याचा पट काढला. तो आडवा, मी त्याच्या छातीवर, आणि सगळा क्लास हसतोय. सरांनी मला उभं केलं आणि एवढंच विचारलं, "हे कुठून शिकून आला?" मला त्या दिवशी वाटलं होतं मी जिंकलो.

तर माझं उत्तर आधी सांगून टाकतो. दोन विद्या शिकायला हरकत नाही, पण एकदम नाही. आधी एक अंगात मुरू द्या, मग दुसरी, आणि दुसरी अशी निवडा की जी पहिलीला उपयोगी पडेल. कराटेचे सर म्हणतात तसं जन्मभर एकच धरून बसायची गरज नाही, आणि घरच्या ताई म्हणतात तसं दोन सर्टिफिकेटांसाठी दोन्हीकडे धाडायचीही नाही.

आता का, ते सांगतो. आपल्याला सगळं सारखंच वाटतं. मारामारी ती मारामारी. पण तसं नाही. कराटे आणि तायक्वांदो घ्या. दोन्हीकडे पांढरा ड्रेस, दोन्हीकडे रंगीत बेल्ट, दोन्हीकडे लाथा. पण कराटेच्या लढतीत चेहऱ्याकडे नेलेल्या, आवरलेल्या ठोशाला गुण मिळतो. तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा मारला तर दंड होतो. त्यामुळे तायक्वांदोच्या पोरांचे हात खाली असतात, कारण तोंडावर ठोसा येणारच नाही हे त्यांच्या अंगाला माहीत असतं. सगळा जीव पायात. आता नऊ वर्षांचं पोर सोमवार-बुधवार-शुक्रवार हे आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार ते करायला लागलं तर त्याच्या हातांनी करायचं काय? वर ठेवायचे की खाली? लढतीत विचार करायला वेळ नसतो, अंग जे शिकलंय तेच करतं. आणि अंगाला दोन विरुद्ध गोष्टी एकाच महिन्यात शिकवल्या तर ते दोन्ही अर्धवट करतं. माझ्या मते लहान पोराला या दोन्ही एकदम लावणं म्हणजे फक्त दोन फिया भरणं.

कुस्ती आणि ज्युदोचं तसं नाही, ते जवळचे पाहुणे आहेत. पण पाहुण्यांतही मानपान असतातच. मातीतल्या कुस्तीत लंगोट-जांग्याला धरता येतं. मॅटवर समोरच्याचा पोशाख धरला की चूक. आणि ज्युदोत तर जाकीट धरल्याशिवाय खेळच सुरू होत नाही. कुस्तीत पोटावर पालथं पडून राहिलं की निदान चीत होत नाही, आपल्या पोरांची ती पहिली सवय. ज्युदोत पालथ्या पडलेल्याच्या गळ्यात मागून त्याचीच कॉलर येते. आणि पट? पट हा आपल्या पोरांचा जीव की प्राण. एकेरी पट, दुहेरी पट, तालमीत पहिल्या वर्षी तेच घोटून घेतात. ज्युदोत २०१० पासून पाय धरण्यावर निर्बंध आले आणि २०१३ पासून तर लढतीत उभ्याने पाय धरायलाच बंदी झाली. तालमीतलं पोर थेट ज्युदोच्या स्पर्धेत उतरवलं की ते पहिल्या मिनिटात पायावर झेप घेतं, दंड खातं आणि बाहेर येऊन विचारतं, "माझं चुकलं काय?"

यात एक गंमत आहे. आपला कलाजंग माहीत आहे ना? समोरच्याच्या पोटात शिरून, त्याला खांद्यांवर आडवा घेऊन फेकायचा. हाच डाव ज्युदोत 'काता गुरुमा' नावाने आहे. तो तिथे आला कसा? ज्युदो ज्यांनी उभा केला ते जिगोरो कानो तरुणपणी किरकोळ अंगाचे होते. तालमीत त्यांच्यापेक्षा कितीतरी भारी एक गडी होता, तो काही केल्या पडेना. कानोंनी सुमोचे डाव करून पाहिले, जमलं नाही. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक काढलं, त्यात हा खांद्यावर घ्यायचा डाव सापडला, तो घोटला आणि त्या गड्याला आपटला. म्हणजे जपानच्या ज्युदोत कुस्तीचा डाव पुस्तकातून आला, आणि आज त्याच ज्युदोच्या स्पर्धेत तो पाय धरून मारायला बंदी आहे. नियम बदलतात हो. त्यामुळे कुठली विद्या थोर आणि कुठली हलकी यावर चहाच्या टपरीवर भांडण्यात अर्थ नाही.

पण मला कानोंचं नाव घ्यायचं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. त्यांनी स्वतः जुजुत्सूची दोन घराणी शिकली. पहिलं तेन्जिन शिन्यो, त्यात धरणं, गळा आवळणं, जमिनीवरचं काम. दुसरं कितो, त्यात फेक. दोन्ही मिळवून १८८२ मध्ये त्यांनी टोकियोतल्या एका देवळात कोडोकान सुरू केलं. विद्यार्थी किती? नऊ. जागा किती? बारा चटयांची. आपल्याकडे एवढ्या जागेत कोणी क्लास काढला तर लोक हसतील. पण तारखा बघा. पहिल्या घराण्यात ते १८७७ पासून होते, दुसऱ्याकडे गेले १८८१ मध्ये. मध्ये चार वर्षं. सोमवारी हे, मंगळवारी ते, असं नाही केलं. पहिलं अंगात बसलं, त्यात काय कमी पडतंय ते स्वतःला कळलं, मग दुसऱ्या गुरूच्या दारात उभे राहिले.

जपान लांबचं वाटत असेल तर बेळगावला चला. तुरमुरी हे बेळगावजवळचं मराठी बोलणारं गाव. तिथल्या मलप्रभा जाधव. बेळगावच्या क्रीडा वसतिगृहात राहून ज्युदो शिकल्या. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ५२ किलो गटात कांस्यपदक आणलं, पण ज्युदोत नाही, कुराशमध्ये! कुराश ही उझबेकिस्तानकडची जाकीट धरून खेळायची कुस्ती. आशियाई स्पर्धेत ती त्याच वर्षी पहिल्यांदा आली. तिच्यात जमिनीवरचं कामच नाही. उभ्याने फेकायचं, खाली गेलं की पंच थांबवतात. पाय धरायचा नाही. म्हणजे ज्युदो आलेल्या खेळाडूला कुराशमध्ये नवीन फार शिकायचं नसतं, काही गोष्टी सोडायच्या असतात. त्याच गटात रौप्यपदकही भारताच्या पिंकी बलहाराने घेतलं आणि तीही मूळची ज्युदोचीच. एक विद्या पक्की होती म्हणून दुसरीचा दरवाजा उघडला.

आपल्या पोरांच्या मोबाईलवर ज्याचे रील फिरतात तो खबीब घ्या. पोरं म्हणतात एमएमए करायचं, सगळं एकदम. अरे बाबांनो, तो दागिस्तानचा. लहानपणापासून कुस्ती, पंधराव्या वर्षी ज्युदो, त्यानंतर सांबो. वडील स्वतः शिकवणारे होते, घरात आखाडा होता, तरी एकेक करून. आणि पुढे पिंजऱ्यात जाऊन त्याने समोरच्याला हरवलं ते बहुतेक वेळा कशाने? धरून, पाडून, दाबून. म्हणजे पहिल्या विद्येनेच.

आणि अगदी घरचं उदाहरण हवं असेल तर महाराष्ट्र केसरी बघा. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, शेवटची लढत दोघांच्या विजेत्यांत, ती गादीवर. २०२० च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ ने हरवलं आणि गदा नाशिकला आली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, आठवतं का? ते दोघे एकाच वस्तादांचे, काका पवारांचे पठ्ठे. माती आणि गादी हे खरं तर दोन वेगळे खेळ आहेत. मातीत वेळेचं बंधन सैल, चीत केलं की संपलं. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, बाहेर गेलं तरी समोरच्याला गुण. त्याही आधी गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतून उठून गादीवर गेले, १९४८ ला लंडनला सहावे आले, चार वर्षं गादी समजून घेतली आणि १९५२ ला हेलसिंकीला कांस्य आणलं. मातीचा पाया होताच, पण तो पायाच होता. वरचा मजला वेगळा बांधावा लागला.

आता जे लिहितोय ते काही लोकांना आवडणार नाही.

आपण पोरं दोन ठिकाणी घालतो ती दोन विद्यांसाठी नाही, दोन कागदांसाठी. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, खेड्यातल्या पोराला त्यातून वर येता येतं, माझा त्यांना विरोध नाही. पण मग हिशोब सुरू होतो. कराटेत जिल्ह्याला गर्दी आहे ना, मग कुठल्या खेळात गर्दी कमी? त्यात घाला. नाव ऐकलेलं नसलं तरी चालेल. चार पोरं आली की राज्याला निवड. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणं आपल्या राज्यात निघाली, चौकश्या झाल्या, पेपरात आपण वाचलंय. त्यात ज्या पोरांनी खरंच घाम गाळला त्यांची प्रमाणपत्रंही मग संशयाने बघतात.

हा हिशोब पोराच्या अंगावर कसा येतो ते आमच्या घरातलंच सांगतो. माझा भाचा, वय चौदा. कुस्तीत होता, चांगला होता. त्याला सांगितलं ज्युदोही खेळ, दोन्हीकडे संधी. कोणी सांगितलं ते इथे लिहीत नाही, घरातल्या आम्हा मोठ्यांचीही त्याला मान डोलवायची चूक होतीच. दोन स्पर्धा आठ दिवसांच्या अंतराने आल्या. दोन्हीकडचे वजनगट सारखे नव्हते. कुस्तीसाठी जेवढं वजन होतं त्यापेक्षा ज्युदोला कमी करायचं ठरलं. पोराने दोन दिवस नीट पाणी प्यायलं नाही, अंगात दोन स्वेटर घालून उन्हात पळाला. आम्हाला वाटलं पोरगा मेहनत घेतोय. वजनाच्या दिवशी काट्यावर बरोबर भरला, आणि लढतीत उतरल्यावर पिंडऱ्यांत गोळे येऊन मॅटवर बसला. उठताच येईना. ताईने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. चौदा वर्षांचं वाढीचं पोर! त्या वयात वजन वाढायला पाहिजे हो, घटवायचं कशाला? त्यानंतर त्याने ज्युदोही सोडला आणि कुस्तीही. आता संध्याकाळी मोबाईल घेऊन बसतो. त्याला कोणी काही बोललं की मला माझाच राग येतो.

त्यात आपल्याकडचं वर्षाचं गणितही बघा. शाळेच्या स्पर्धा साधारण पावसाळ्यापासून दिवाळीच्या आगेमागे. मग कांद्याची लागण, तेव्हा घरातलं प्रत्येक हात शेतात. परीक्षा, कांदा काढणी आणि यात्रांच्या दंगली पुन्हा एकाच वेळी. पोर पहाटे तालमीत, दिवसा शाळेत, संध्याकाळी क्लासला, सुट्टीत वाफ्यात. एका अंगाने चार ठिकाणी मजुरी करायची आणि झोप काढायची कधी? दुखणं आधी गुडघ्यात आणि खांद्यात येतं, आणि पोरं सांगत नाहीत, कारण सांगितलं की दोन्हीकडून ऐकावं लागतं: "तिकडे जातो ना, तिकडेच लागलं असेल."

हे दोन्हीकडून ऐकणं, याबद्दल सर लोकांशी आणि वस्तादांशी बोलायचं आहे. राग मानू नका. कराटेच्या क्लासला पोरं टिकली तर सरांचं घर चालतं, हे मला कळतं. वस्तादांना तर कोणी फीसुद्धा देत नाही, यात्रेच्या नारळावर आणि मानाच्या फेट्यावर आयुष्य काढलं त्यांनी, तेही कळतं. पण दुसरीकडे जाणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर टोमणा मारणं, त्याला परीक्षेला बसू न देणं, तालमीत जोड न देणं, हे बरोबर नाही. दोघांनी एकमेकांना एक फोन करावा. "तुमचा हा पोरगा माझ्याकडेही येतो, त्याचा गुडघा दुखतोय, दोन आठवडे पळवू नका." एवढंच. मी अजून असा फोन कोणी केल्याचं ऐकलेलं नाही. कोणी केला असेल तर कमेंटमध्ये सांगा, जाहीर सत्कार करू.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो, कारण मुलगी आहे म्हटल्यावर गणित बदलतं.

मुलगा असता तर मी म्हटलं असतं, तालमीत घाला. मुलीला तालमीत घाला म्हणायला जीभ रेटत नाही, कारण आपल्या बहुतेक तालमींत तिला कपडे बदलायला जागा नाही, तिच्या वजनाची जोड नाही आणि काही ठिकाणी तर आखाड्यात पाय ठेवू देत नाहीत. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होतेय, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ ला, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बासष्ट वर्षं लागली आपल्याला. मुली कराटेला जास्त दिसतात त्याचं कारण त्यांना कराटे जास्त आवडतं असं नाही. कराटेचा वर्ग शाळेच्या हॉलमध्ये असतो, तिथे लाईट असते, दार उघडं असतं आणि आईला बाहेर बसता येतं. घरापासून जवळ जो वर्ग, तीच तिची विद्या.

शाळांतही बघा. समग्र शिक्षामधून सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं, शाळेला महिन्याला ५ हजार. चांगली गोष्ट आहे. पण तीन महिन्यांत अंगाला कुठली सवय लागते? आणि पुढच्या वर्षी शिकवणारा बदलला की विद्याही बदलते. दोन विद्या एकदम शिकण्याचा सगळ्यात वाईट प्रकार हाच: दोन्हींची सुरुवात दोनदा आणि पुढे काहीच नाही. तीन महिन्यांत शिकवायचंच असेल तर पडायला शिकवा. ज्युदोत सगळ्यात आधी तेच शिकवतात, उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, डोकं आपटू द्यायचं नाही, हाताने जमिनीवर थाप. सायकलवरून घसरली, विहिरीच्या पायरीवरून पाय सटकला, तरी उपयोगी पडेल. कराटेवाल्या पोरांना आणि मातीतल्या पैलवानांनाही ते यायला पाहिजे, आणि बऱ्याच जणांना येत नाही.

त्या मुलीची कराटेची दोन वर्षं झाली आहेत. पाय चांगला उचलते म्हणतात. माझं मत असं की तिने अजून वर्षभर कराटे नीट करावं, सध्या ज्या बेल्टवर आहे त्याच्या पुढची घाई न करता. तोपर्यंत आठवड्यातून एक दिवस फक्त पडणं, लोळणं, धरणं, खेळ म्हणून, स्पर्धा नाही. मग अकराव्या-बाराव्या वर्षी तिला जर अजूनही कुस्तीच हवी असेल तर कुस्ती, आणि तेव्हा कराटे आठवड्यातून एक दिवस, अंग मोकळं ठेवायला. एका वेळी स्पर्धा एकाच खेळाच्या. वजन घटवायचं तर अजिबात नाही. जे वजन भरेल त्या गटात खेळायचं.

पण आठवड्यातला तो एक दिवस तिने पडायला-लोळायला जायचं कुठे?

इथे विषय पोरांचा राहत नाही, आपल्या गावाचा होतो. कुस्तीची मॅट बारा मीटर बाय बारा, लढतीचं वर्तुळ नऊ मीटरचं. ज्युदोच्या चटया दोन मीटर बाय एकच्या, जोडून मोठं मैदान करता येतं. कराटेलाही चटयांचंच मैदान लागतं, आठ बाय आठ. म्हणजे एक चांगला, पत्र्याचा का होईना पण उंच आणि हवा खेळती असलेला हॉल आणि एक चटयांचा संच, यावर सरावापुरती तिन्ही कामं होतात. पहाटे कुस्ती, संध्याकाळी पाच ते साडेसहा कराटे, त्यानंतर ज्युदो. मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि पाणी. रोज मॅट फिनाईलने पुसायची, नाहीतर महिन्याभरात सगळ्या पोरांना गजकर्ण. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, मॅटवरचा निम्मा सराव त्याच्यामुळेच बंद पडतो.

२०२२ मध्ये शासनाने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी केली. पैसा कमी असतो अशातला भाग नाही. पण आपल्याकडे पैसा आला की आधी कंपाउंड, मग कमान, मग कमानीवर नावं. चटई यादीत शेवटी येते, आणि शिकवणाऱ्याचं मानधन तर यादीत नसतंच. सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना मी हे सांगतोय, एकाचं नाव घेऊन नाही. यात्रेच्या दंगलीत एका कुस्तीला जेवढं इनाम लावता, त्यातलं चार जणांनी मिळून एका वर्षी चटयांसाठी दिलं तरी सुरुवात होईल. बाहेरचा पैलवान येतो, इनाम घेतो, भावडबारी उतरून निघून जातो. आपल्या पोरांसाठी मागे काय राहतं? माती. आणि मुलींना तर तीही नाही.

काही लोक म्हणतील, नाना, तुम्ही मॅट-मॅट करता, मग मातीचं काय? माती राहू द्या की! हळद, तेल, ताक घालून मळलेली माती, तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. पायात ताकद तिथेच येते. पण स्पर्धा गादीवर होतात आणि पोर थेट गादीवर पहिल्यांदा उतरतं ते जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी, हे थांबायला पाहिजे.

तर मी असं ठरवलंय. नगरपंचायत आणि तालुका क्रीडा समिती या दोघांना एकच निवेदन द्यायचं. मागण्या तीनच: सगळ्यांनी वाटून वापरायचा एक मॅटचा हॉल, मुलींसाठी ठरलेली वेळ आणि खोली, आणि शिकवणाऱ्यांना मानधन. निवेदनावर पहिल्या दोन सह्या एका कराटेच्या सरांची आणि एका वस्तादांची हव्यात, एकाच कागदावर. माझी त्यांच्या खाली. वस्तादांना मी काल विचारलं. आधी म्हणाले, "त्या लाथा मारणाऱ्यांबरोबर?" मग थोडा वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "मुलींची खोली कुठल्या बाजूला करणार?" मी याला होकार समजतोय. सरांना आज संध्याकाळी भेटतो.

शनिवारी सहा वाजता कागद घेऊन पाच कंदीलला थांबणार आहे. सही करायला या. ज्यांच्या पोराची जुनी मॅट किंवा चटया घरात पडून आहेत त्यांनी तेही सांगा, हॉल होईपर्यंत एखाद्या शाळेत अंथरू. आणि त्या मुलीच्या वडिलांनी ही पोस्ट वाचली असेल तर तिलाही घेऊन या, तिची सही लागत नाही, पण खोली कुठल्या बाजूला हवी ते तिने वस्तादांना सांगावं.